दुसऱ्याची ओ

१

आटगावच्या पुढं हायवेला लागून गोदामांची रांग आहे. तिच्यातली शेवटची इमारत डेटा सेंटरची. बाहेरून बघाल तर बाकीच्यांसारखीच, निळ्या पत्र्याची. फरक एवढाच की हिच्या दारात ट्रक लागत नाहीत आणि भर मे महिन्यातही आत शिरायचं तर स्वेटर घालावा लागतो. जगन मेंगाळ तिथं सहा वर्षं सकाळच्या पाळीला होता. मूळचा मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या करंजवाडीतला. वाडीतला पहिला डिप्लोमावाला. गावाकडं कोणी विचारलंच की बाबा, तू नेमकं करतोस काय, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "लोकांचा माल सांभाळतो. फक्त तो माल दिसत नाय."

हा न दिसणारा माल बॉक्समध्ये असतो. पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले चौसष्ट बॉक्स, रॅकमध्ये रांगेनं लावलेले. कुठल्या दवाखान्याचे एक्स-रे, कुठल्या कारखान्याचे नकाशे, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो. जगनला आतलं काही दिसायचं नाही आणि बघायची हौसही नव्हती. त्याचं काम एकच, सगळे बॉक्स जागेवर आहेत ना, जिवंत आहेत ना, एवढं बघायचं.

त्यासाठी तो सकाळी सातला एक बटण दाबायचा. त्यासरशी सगळ्या नेटवर्कभर एक हाक जायची की कोण कोण आहे. मिनिटभरात उत्तरं यायची. प्रत्येक बॉक्स आपलं नाव सांगायचा, कुठल्या कंपनीची बनावट ते सांगायचा, जागा सांगायचा, तब्येत कशी आहे आणि किती दिवस न थांबता चालू आहे तेही सांगायचा. पूर्वी ही सोय नव्हती. ज्या कंपनीचा बॉक्स त्या कंपनीची भाषा, त्यामुळं सहा स्क्रीन उघडून बसायचं आणि सहा तऱ्हांनी डोकं फोडून घ्यायचं. मग सगळ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि त्यांनी एक रीत ठरवली. हाक अशी मारायची आणि ओ अशी द्यायची. याला सगळे नुसतं स्टँडर्ड म्हणायचे. शहाण्या माणसांनी केलेलं शहाणं काम, त्यात खोट काढायला जागा नाही.

एक सतरा नंबर तेवढा या रितीत बसत नव्हता. तो होता जुना, मागच्या छोट्या खोलीत एकटा ठेवलेला, आणि त्याला ही नवी भाषा येत नव्हती. म्हणून त्याच्या वतीनं उत्तर द्यायला एक लहानसा कॉम्प्युटर लावला होता. तो सतरा नंबरला त्याच्या जुन्या भाषेत विचारायचा आणि हाक आली की नव्या भाषेत ओ द्यायचा. याला प्रॉक्सी म्हणतात. कॉलेजात दांडी मारणाऱ्या मित्राची हजेरी लावतात ना, तसलीच ही.

ही प्रॉक्सी जगननंच बसवली होती. म्हातारा सतरा नंबर बोलायला वेळ लावायचा, मग उगाच लाल दिवा लागायचा, आरडाओरडा व्हायचा. त्यावर जगननं एक उपाय काढला. म्हातारा बोललाच नाही तर शेवटी जे बोलला होता तेच सांगायचं, असं त्यानं प्रॉक्सीला शिकवून ठेवलं. तब्येत ठीक. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याएवढं मोठं काही आहे असं त्याला वाटलं नाही.

२

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मंगळवारी सातच्या हाकेला पासष्ट उत्तरं आली.

खरं तर आकडा स्क्रीनवर आपोआप येतो, मोजायचं काही कारण नाही. तरी जगननं बोट लावून मोजले. पासष्टच. जास्तीच्या ओळीत नाव कोरं होतं, बनावट कोरी, जागा कोरी. तब्येत मात्र लिहिली होती, ठीक. आणि शेवटच्या रकान्यात किती दिवस न थांबता चालू, तर चार हजार तीनशे एक्क्याऐंशी.

त्याला जरा हसूच आलं. इमारत बांधून सहा वर्षं झालेली.

"मॅडम, एक जास्त येतोय," तो म्हणाला.

शीतल मॅडम पाळीच्या प्रमुख. वाशिंदला राहायच्या, साध्या वायरमनपासून वर चढत आलेल्या, त्यामुळं कोणाचं फारसं ऐकून घ्यायच्या नाहीत. चहाचा कप हातात घेऊन त्या त्याच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. "जास्त येतोय ना? कमी आला की बोलव मला." मग वाकून बघितलं त्यांनी. "अरे, हा तर तुझ्या प्रॉक्सीतून येतोय. कुणाची हजेरी लावतोयस रे जगन?"

"मी तिच्यात सतरा नंबर सोडून काय टाकला नाय."

"मग जुना कचरा असेल कसला तरी. पुसून टाक आणि पुन्हा हाक मार."

त्यानं पुसलं. पुन्हा हाक मारली. पासष्ट. प्रॉक्सी बंद करून चालू केली, परत हाक मारली, तेव्हा कुठं चौसष्ट आले. मॅडम म्हणाल्या, बघ, यंत्र आहे ते, त्याला कधी कधी झटका द्यावा लागतो. जगननं मान डोलावली आणि डबा खाताना तो विषय विसरूनही गेला.

बुधवारी सातला पुन्हा पासष्ट. चार हजार तीनशे ब्याऐंशी दिवस. आणि काल कोरी असलेली जागा आज भरलेली होती. तिथं एकच शब्द होता, 'खाली'.

बाकीच्या सगळ्या ओळींत जागा इंग्रजीत असते. हॉल एक, रांग तीन, असली. हा शब्द मराठीत होता. जगनचा हात आपोआप मोबाईलकडं गेला. आजपासून मागं चार हजार तीनशे ब्याऐंशी दिवस म्हणजे कुठली तारीख, ते त्यानं काढलं.

एकवीस नोव्हेंबर दोन हजार बारा.

तो तारखेकडं बघत राहिला. योगायोग असेल असं त्यानं स्वतःला सांगितलं. यंत्रात एखादा आकडा बिघडला तर तो कुठल्या तरी तारखेवर जाऊन पडणारच. सगळ्या तारखा कोणाच्या ना कोणाच्या असतातच की. हे सगळं बरोबर होतं, आणि तरी त्यानं तो हिशोब आणखी दोनदा करून बघितला.

३

आता ती तारीख सांगायला हवी.

करंजवाडीची घरं कुडाची. कुड बांधायला कारवीच्या काठ्या लागतात, आणि कारवी तोडायला दिवाळीनंतर वर रानात जातात. सात-आठ माणसं मिळून जायचं, संध्याकाळच्या आत भारे डोक्यावर घेऊन उतरायचं. उतरताना खिंड लागते. तिथं एक जुनी रीत आहे. सगळ्यात मागून चालणारं माणूस भारा खाली ठेवतं आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारतं. ज्याचं नाव त्यानं ओ द्यायची. डोक्यावर भारा असला की तोंड दिसत नाही, वाट झाडीतून वळणं घेत जाते, निम्मी माणसं पुढच्या वळणाआड. तेव्हा डोळ्यांवर भरवसा नाही, ओ वर. आणि हे पोरासोरांनाही बजावून ठेवलेलं असतं की दुसऱ्याची ओ द्यायची नाय. का, ते कोणी सांगत नाही. सांगायची गरजही नसते.

त्या दिवशी नऊ जण होते. सगळ्यात मागं राघोबाबा. जगन तेव्हा वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या सुट्टीत आलेला. त्याचा थोरला भाऊ बुधू चोवीसचा. बुधूची बायको मालू, जगनच्याच वयाची, लग्न होऊन आठ महिने झालेले, तीही भारा घेऊन पुढं चालत होती.

खिंडीच्या वरच्या अंगाला ओढ्यात एक कोंड आहे, काळ्या पाण्याचा, खोल. तिथल्या दगडांखाली मुठे सापडतात. डोंगरातले काळे खेकडे ते. बुधूला मुठ्यांचं वेड होतं, आणि मालूला कालवण आवडायचं. त्यानं जगनला कोपरानं ढोसलं.

"जग्या, माझी ओ तू दे. मी धा मिनिटांत चार मुठे काढतो नि फुडं गाठतो तुमाला. राघोबाबाला कळलं तर शिव्या घालेल."

"दुसऱ्याची ओ द्यायची नाय," जगन म्हणाला.

"मोठा आला इंजिनेर. दे म्हटलं ना."

बुधू भाऱ्यासकट बाजूच्या झाडीत शिरला, आणि जगननं ओ दिली. राघोबाबानं "बुधू" अशी हाक मारली तेव्हा त्यानं हनुवटी छातीला टेकवली, आवाज जाड केला, आणि भावासारखी ओ दिली. हुबेहूब जमली. इतकी जमली की त्याला हसू आवरेना, ओ च्या शेवटी ते फुटलंच आणि ओ मधेच तुटली. मग लगेच स्वतःचं नाव आल्यावर स्वतःची दिली. नऊ हाका, नऊ ओ. माणसं खाली उतरली.

बुधू आला नाही.

अंधार पडता पडता शोधायला निघाले तेव्हा राघोबाबानं सगळ्यांना सांगितलं की खिंडीत त्यानं ओ दिलीय, माझ्या कानांनी ऐकलीय. म्हणजे खिंडीपर्यंत तो होता. म्हणून खिंडीच्या खालचं रान धुंडाळलं, दोन दिवस. वर कोणी गेलंच नाही. राघोबाबानं जगनला विचारलं, तू बघितलास त्याला? जगन म्हणाला, हो, माझ्या मागंच होता. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर कदाचित काही झालं असतं, कदाचित नसतंही. पण सांगायला हवं होतं. ते त्याला त्या क्षणीही कळत होतं, आणि तोंडातून दुसरंच निघून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा वर गेला. कोंडाच्या काठावर दगडाला टेकवून बुधूचा भारा उभा होता. वर कोयता खोचलेला. जगननं भावाच्या नावानं हाक मारली, चार-पाच वेळा मारली. पाणी स्वस्थ होतं. मग त्यानं काय केलं, तर तो भारा कोयत्यासकट कोंडात लोटला. कारण तो कोणाला दिसला असता तर ओ कोणी दिली हा प्रश्न आला असता.

पुढं गावानं आपापसात ठरवून टाकलं. खिंडीत धडधाकट ओ देणारा माणूस खाली येईपर्यंत नाहीसा होतो, म्हणजे तो सडकेवर जाऊन गाडीत बसला. बायको टाकून पळाला. वर्षभरानं कोणी सांगितलं, सुरतेला दिसला. दुसऱ्यानं सांगितलं, दाढी वाढवलीय. आणि मालू त्याची वाट बघत थांबली.

४

"बसून काय बघतोस? मागं जाऊन बघ की प्रत्यक्ष," बुधवारचे पासष्ट बघून शीतल मॅडम म्हणाल्या. "चल, मी पण येते."

मागच्या खोलीला खिडकी नाही. दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही. आत गेल्या गेल्या दोघंही थबकली, कारण खोलीत आवाज नव्हता. बॉक्स चालू असला की त्याचे पंखे घरघरतात, आणि सतरा नंबर तर म्हातारा, त्याची घरघर दाराबाहेर ऐकू यायची. मॅडमनी त्याच्यावर हात ठेवला. गार होता.

"हा मेलाय," त्या म्हणाल्या. मग प्रॉक्सीच्या नोंदी काढून बघितल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "नऊ दिवस झाले मरून. आणि रोज सकाळी तब्येत ठीक म्हणून कोण सांगतंय रे?"

जगननं सांगितलं. म्हाताऱ्याला वेळ लागायचा, लाल दिवा लागायचा, म्हणून.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं. "त्याच्यातल्या मालाची दुसरी कॉपी आहे म्हणून वाचलास," त्या म्हणाल्या. "पण नऊ दिवस, जगन. पहिल्याच दिवशी सतरा नंबर गप्प दिसला असता तर आपण धावलो असतो ना त्याच्याकडं?" आणि फोन लावायला बाहेर गेल्या.

जगन खोलीत एकटा उरला. सकाळचे अकरा वाजले होते, डोक्यावर पांढरे दिवे लख्ख जळत होते. पायाखालची जमीन चौकोनी फरशांची असते, वायरी जायला खाली हातभर पोकळी ठेवलेली. त्या पोकळीतून खरवडल्याचा आवाज आला. थोडा वेळ थांबला, परत आला. उंदीर, तो मनात म्हणाला. वायरी कुरतडतात मेले. उंदीर असेल तर बघायलाच हवं, हे त्याचं कामच होतं. त्यानं हँडलनं फरशी उचलली.

खाली वायरींच्या मधे एक मुठा होता. काळा, जिवंत, ओला. बाहेर नाला आहे, असं जगनच्या मनात आलं. पावसाळ्यात गोदामांत खेकडे शिरतातही. पण हा नोव्हेंबर होता आणि नाल्यात तळव्याएवढंही पाणी उरलं नव्हतं. शिवाय या मुठ्याच्या नांग्या बांधलेल्या होत्या. कसल्या तरी ओल्या सालीनं, दोन वेढे, एक फास, आणि बोटात अडकवून न्यायला सालीचं लांब टोक मोकळं सोडलेलं.

अशी गाठ जगननं आयुष्यात एकाच माणसाला मारताना पाहिलं होतं.

त्यानं फरशी परत ठेवली. नीट बसवली, पायानं दाबली. मग प्रॉक्सीच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून काढली, पुढं येऊन खुर्चीत बसला आणि हाक मारली. सतरा नंबर मेलेला, प्रॉक्सी बंद, म्हणजे त्रेसष्ट यायला हवेत.

चौसष्ट आले. जास्तीची ओळ तिथंच होती. तब्येत ठीक, जागा खाली. कोणामार्फत उत्तर आलं त्याचा एक रकाना असतो, त्यात आधी प्रॉक्सीचं नाव असायचं. आता तिथं जगनचं नाव होतं.

५

गुरुवारी त्यानं रजा टाकली आणि मोटरसायकल काढली. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा. वाटभर तो वाक्यं जुळवत होता. बारा वर्षांत त्यानं ती कितीदा जुळवली होती, आणि दर वेळी वाडी आली की मोडून टाकली होती. दर दिवाळीला तो मालूसाठी लुगडं न्यायचा. लुगडी नेणं सोपं होतं.

आई-बाप गेल्यापासून मालू घरात एकटीच असायची. नाचणी-वरईचं शेत करायची, घर सारवून लख्ख ठेवायची. तिच्या माहेरच्यांनी दोनदा पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचं, काढलं होतं. धसईचा एक चांगला माणूस तयारही होता. तिनं एकच उत्तर दिलं, नवरा जिता असताना पाट कसा लावू?

तो पोचला तेव्हा ती अंगणात सुपानं वरई पाखडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"भावजी, आज कसं काय? सनवार नाय, काय नाय."

"वयनी, एक सांगायचं हाय. हातातलं ठेवा."

तिनं ठेवलं नाही. पाखडता पाखडताच ऐकत राहिली. त्यानं सगळं सांगितलं, मुठे, ओ, राघोबाबाला दिलेलं उत्तर, भारा. काही गाळलं नाही. भाऱ्याशी आला तेव्हा सूप थांबलं.

ती म्हणाली, "शेवटाला हसले व्हते ते."

"वयनी..."

"मी फुडं व्हती, पर ऐकलं मी. ओ दिली नि हसले. बारा वर्सं मी तेच इचारते सोताला. मला टाकून जायचं व्हतं तर जा. पर जाताना हसायला काय झालं? एवढी मी वंगाळ व्हती?"

"ते मी हसलो वयनी. मी हसलो."

मालूनं त्याच्याकडं बघितलं. असं कोणी आपल्याकडं बघावं यापेक्षा मार पडलेला बरा, असं जगनला वाटलं.

"मी शिव्या दिल्या त्यांना," ती हळूच म्हणाली. "रोज. भाकर थापताना देते, पानी भरताना देते. तुमी म्हणता तसं असलं तर मी बारा वर्सं पान्यात मेलेल्या माणसाला शिव्या घालते. जो माझ्यासाठी मुठे धरायला गेला व्हता." तिनं सूप बाजूला सारलं. "नाय. माझ्या नवऱ्याचा आवाज मला कळत नाय व्हय? तुमीच दिली म्हणता, तर चला खिंडीत. तितंच देऊन दाखवा. तशीच्या तशी आली तर मी मानीन. कुकू पुसीन, त्यांचं दिवस घालीन, नि मग माझं मी बघीन."

जगननं होकाराची मान हलवली. एवढंच तर त्याला हवं होतं. ती सुटली असती, बुधूही सुटला असता.

६

चारच्या सुमारास ती दोघं खिंडीत पोचली. ऊन होतं. वारा नव्हता. वरच्या अंगाला, झाडीच्या पलीकडं, ओढ्याची बारीक धार ऐकू येत होती आणि मधूनच तीही थांबल्यासारखी वाटायची.

मालू राघोबाबाच्या जागेवर उभी राहिली. जगन थोडा पुढं, ऐनाच्या झाडाशी, जिथं तो तेव्हा होता.

"मी नावं घेते," ती म्हणाली. "तेव्हासारकीच."

तिला क्रम पाठ होता. बारकू, अशी तिनं हाक मारली. धोंडीबाई. गोदू. बाईजा. त्यातले दोघं मेले होते, दोघं गावात होते, कोण उत्तर देणार. तरी ती प्रत्येक नावानंतर ओ येण्यापुरती थांबत होती. मग राघो, कारण राघोबाबा स्वतःचंही नाव घ्यायचा. मग ढवळू. मग स्वतःचंच नाव घेतलं, मालू, आणि स्वतःच ओ दिली.

आता बुधू. मालू थांबली. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. आठ महिन्यांच्या संसारात आणि बारा वर्षांच्या वाट बघण्यात तिनं ते एकदाही घेतलं नव्हतं. तिचे ओठ दोनदा हलले. मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि लांबवर जाईल अशी हाक मारली.

"बुधू..."

जगननं हनुवटी छातीला टेकवली. श्वास भरून घेतला. तोंड उघडलं.

आणि ओ आली. त्याच्या तोंडातून नाही. वरून, ओढ्याच्या अंगानं आली, पाण्यावरून यावी तशी जराशी ओलसर. जाड, दबलेली ओ. शेवटी तिच्यात हसू फुटलं आणि ती मधेच तुटली.

जगन तसाच उभा राहिला, उघड्या तोंडानं. त्याला भावाचा आवाज माहीत होता. हा भावाचा नव्हता. हा वीस वर्षांच्या एका पोराचा होता, जाड केलेला, चोरटा, स्वतःच्याच हुशारीवर हसणारा. बारा वर्षं तो तिथंच बसून होता आणि बुधूच्या नावाला ओ देत होता. बुधूला स्वतःला ओ द्यायची पाळीच येऊ देत नव्हता.

झाडीत, कोंडाकडं जाणाऱ्या वाटेवर, कमरेएवढ्या उंचीवर काहीतरी हललं. लांब टोकानं बोटात अडकवलेलं, लोंबणारं, काळं. त्याच्या वर कोण होतं ते पानांनी दिसू दिलं नाही. जगननं नीट बघायला डोळे बारीक केले तेव्हा नुसतीच पानं होती.

"ऐकलंत?" मालू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लग्नाला आठ महिने झालेल्या सुनेसारखा झाला होता. "ऐकलंत ना भावजी? हीच ती. अजून हसतायत बघा."

जगननं मान हलवली, नाही नाही म्हणून. तिला वेगळंच वाटलं. ती जवळ आली आणि त्याच्या दंडावर हात ठेवून समजुतीनं म्हणाली, "तुमी भले हाव. माझा जीव सुटावा म्हणून सगळं सोतावर घेतलंत, कळलं मला. पर असं खोटं पुन्यांदा बोलू नका. जित्या माणसाला मेला म्हणू नये."

मग तिनं पदरानं डोळे पुसले, कुंकू सरळ केलं आणि वाटेला लागली. झपाझपा उतरत होती. "आज ओ दिलीय त्यांनी," ती मागं न बघता म्हणाली, "आज येतील. मी तिघांच्या भाकऱ्या टाकते."

तिला थांबवायचं होतं. तो आवाज माझा आहे, असं ओरडून सांगायचं होतं. पण पटवायचं तर तसाच आवाज काढून दाखवावा लागला असता, आणि तो काढला असता तर वर कोण काय समजलं असतं, आणि बुधूची ओ द्यायची पाळी पुन्हा चुकली असती का, हे त्याला सांगता येईना. त्यानं तोंड मिटलं.

खालच्या वळणावरून मालूची हाक आली. "जगन भावजी, येताय ना?"

नाव त्याचंच होतं. हाकही त्यालाच होती. त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं, आणि ओढ्याकडून कोणी आधी देतंय का, याची वाट बघत तो तसाच उभा राहिला.